मुलगा सैन्यात निघतो तेव्हा : मेळघाटातील पालकांचे मन

सैन्यभरतीची चर्चा बहुधा उमेदवाराभोवती फिरते. त्याची उंची, छाती, धावण्याचा वेळ आणि लेखी परीक्षेतील गुण यांचा हिशेब सर्वजण ठेवतात. परंतु निवडीचे पत्र घरी आल्या दिवसापासून त्याच घरातील आणखी दोन व्यक्तींची कसोटी सुरू होते. त्या म्हणजे त्याची माय आणि बाप. मुलाच्या तयारीसाठी मैदान असते, मार्गदर्शक असतो. आईवडिलांच्या मनाची तयारी करून घेणारे मात्र कोणी नसते. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी हे काम आपले मानल्यास त्या घराचा मोठा भार हलका होऊ शकेल.

एकट्याने जाणे

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगांत धारणी तालुका वसला आहे. तालुक्याच्या पलीकडे मध्यप्रदेशाची सीमा आहे आणि जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. येथील बहुसंख्य वस्ती कोरकू समाजाची. घर सोडून जाणे या समाजाला नवीन नाही. शेतातील पीक निघाले की अनेक कुटुंबे मजुरीसाठी मैदानी मुलुखात उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. परंतु हे जाणे बहुधा कुटुंबासह असते. चूल बरोबर जाते, लेकरे बरोबर जातात, शेजारचे घरही त्याच वाटेने निघते.

सैन्यात जाणारा मुलगा मात्र एकटा जातो. हरिसाल, सेमाडोहच्या घाटातून परतवाड्याकडे जाणाऱ्या गाडीत तो बसतो, आणि त्यापुढचा प्रवास आईवडिलांच्या पाहण्यातला नसतो. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. प्रशिक्षणाच्या काळात होळी आली, तर सारे गाव परतलेले असते आणि आपलाच मुलगा तेवढा नसतो. मुलाच्या जाण्याचा खरा अर्थ अनेक मातांना निरोपाच्या दिवसापेक्षा अशा सणाच्या दिवशी अधिक जाणवतो.

अभिमान आणि भीती

अशा वेळी पालकांच्या मनात दोन भावना एकाच वेळी नांदतात. मुलगा देशाच्या कामी येणार, घरात नियमित वेतन येणार, धाकट्या भावंडांना वाट दिसणार, याचा अभिमान असतो. त्याच वेळी सीमेवरील संघर्षाची बातमी कानी आली की मन चरकते. गावात सत्कार होतो, हार घातले जातात, भाषणे होतात. त्या समारंभात भीती बोलून दाखविणे पालकांना अप्रशस्त वाटते. ‘वीरमाता रडत नसते’ असे एखादा वक्ता सहज बोलून जातो. डोळ्यांत पाणी येणे हा दुबळेपणा नव्हे, हे त्या माऊलीला कोणीतरी सांगावयास हवे.

ही भीती सर्वस्वी युद्धाची नसते. तिचा मोठा भाग अज्ञानातून येतो. मुलगा नेमका कोठे गेला, काय खातो, कोणत्या भाषेत बोलतो, आजारी पडला तर कोण पाहतो, याची माहिती घरी नसते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठी व हिंदीहून ती अगदी वेगळी आहे. सीमेलगतच्या या तालुक्यात हिंदी कानावर पडत असल्याने मुलाला सैन्यातील हिंदी लवकर उमगते. मात्र घरी येणारे कागद वाचणे वडीलधाऱ्यांना अवघड जाते.

सहीचा अर्थ

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरतीचे किमान वय साडेसतरा वर्षे ठेवण्यात आले. उमेदवार अठरा वर्षांखालील असल्यास भरतीच्या अर्जावर पालकांची सही लागते. कार्यालयाच्या दृष्टीने ती एक रकाना भरण्याची बाब असते. बापाच्या दृष्टीने ती आपल्या हाताने मुलगा देण्याची गोष्ट असते. म्हणूनच सही घेण्यापूर्वी त्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे.

योजनेच्या मूळ तरतुदींप्रमाणे सेवेचा काळ चार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये असलेले वेतन चौथ्या वर्षी ४०,००० रुपयांपर्यंत जाते. त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीत जमा होते आणि शासन तेवढीच भर घालते. चार वर्षांअखेर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हाती येतात. २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. म्हणजेच अनेक मुले ऐन पंचविशीच्या आत गावी परततील. ‘चार वर्षांनी काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याला गोड आश्वासन देऊन भागणार नाही. मुलाचे पुढील शिक्षण, सेवानिधीचा विनियोग आणि दुसऱ्या नोकरीची तयारी यांचा विचार पहिल्या वर्षापासूनच घरात व्हावयास हवा.

प्रशिक्षणाचे महिने

महाराष्ट्रात व शेजारच्या राज्यांत सैन्याची अनेक प्रशिक्षण केंद्रे आहेत. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र नागपूरजवळ कामठी येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगाव येथे, तर महार रेजिमेंटचे मध्यप्रदेशातील सागर येथे आहे. शाळेतील नकाशावर हे ठिकाण आईवडिलांना बोटाने दाखविले, तरी ‘दूर कोठेतरी’ हे शब्द नाहीसे होतात.

अग्निवीराचे प्रशिक्षण साधारणतः सहा-सात महिन्यांचे असते. पहाटेची कवायत, धावणे, शस्त्र हाताळणे, नेमबाजी आणि वर्गातील पाठ असा दिवसभराचा क्रम असतो. या काळात सहसा घरी येता येत नाही व दूरध्वनीवर ठरावीक वेळीच बोलता येते. त्यातच मेळघाटातील अनेक गावांत भ्रमणध्वनी लागत नाही. त्यामुळे दोन आठवडे आवाज ऐकू आला नाही, तर घरात नाही नाही त्या शंका येतात. आरंभीच्या आठवड्यांत मुलगा थकलेला असतो, कधी ‘परत येतो’ असेही म्हणतो. नव्या शिस्तीत रुळताना असे घडणे अस्वाभाविक नाही. पुढे नेमणुकीनंतर त्याच्या पत्त्यावर गावाचे नाव नसून ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ असे आकडे दिसू शकतात. ही सैनिकी टपालाची व्यवस्था आहे. मुलगा हरवला, असा तिचा अर्थ नव्हे, एवढे सांगितले तरी पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो.

प्रशिक्षणाच्या शेवटी शपथविधीचे संचलन होते. अनेक केंद्रांत त्या प्रसंगी जवानांच्या मातापित्यांना ‘गौरव पदक’ देऊन त्यांचा मान राखला जातो. शक्य असेल त्या पालकांनी या सोहळ्यास अवश्य जावे. आपला मुलगा कोणात वाढला, कोठे राहिला, हे प्रत्यक्ष पाहिल्याने मनातील भीतीला आवर बसतो.

हा प्रश्न आता मुलींच्या घरीही पोहोचला आहे. सैनिकी पोलीस दलातील ८३ महिला जवानांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूर येथे प्रशिक्षण घेऊन बाहेर पडली, तर २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला.

गावाचे कर्तव्य

या बाबतीत गावाला फार खर्च नाही. शिक्षकाने भरतीचे कागद पालकांना वाचून दाखवावेत. ग्रामपंचायतीने प्रशिक्षणास गेलेल्या मुलांचे पत्ते व केंद्राचे दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावेत. अमरावती येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सेवेतील सैनिकांच्या कुटुंबांच्या अडचणीही पाहते, ही माहिती घरोघरी द्यावी. गावात अथवा शेजारी माजी सैनिक असल्यास त्याने महिन्यातून एकदा त्या घरी जाऊन बसावे. त्याने सांगितलेले चार शब्द कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक धीर देतात.

निरोपाच्या दिवशी सारे गाव रस्त्यावर येते, हे योग्यच आहे. खरी गरज भासते ती त्यानंतर महिनाभराने, हार सुकून गेल्यावर आणि अंगण रिकामे झाल्यावर. त्या दिवशी कोणीतरी त्या दारात जाऊन ‘पोराची खबर काय?’ असे विचारले, तर देशासाठी मुलगा पाठविणाऱ्या मायबापांना आपण एकटे नाही, याची खात्री पटेल.