मुक्या पाहुण्यांचे मूक दुखणे

चंदीगडच्या सुखना सरोवरानजीक नोव्हेंबर २०२१ मध्ये पक्षी उद्यान खुले झाले. जाळीच्या उंच दालनांत बागडणारे मकाव आणि रंगीबेरंगी परदेशी पोपट पाहताना लहानथोर सारेच हरखून जातात. असा एखादा पक्षी आपल्याही घरी असावा, ही इच्छा अशा वेळी मनात डोकावल्यास नवल नाही. महानगरांतील सदनिकांमध्ये लव्हबर्ड, कॉकॅटिल, आफ्रिकन ग्रे पोपट, ससे, गिनीपिग, कासवे, क्वचित हिरवा इग्वाना असे पाहुणे आता मोठ्या संख्येने नांदू लागले आहेत. त्यांचे पिंजरे देखणे असतात आणि कौतुकही भरपूर होते. मात्र त्यांच्या एका दुखण्याची चाहूल घरच्यांना फार उशिरा लागते. ते दुखणे म्हणजे मूत्रपिंडाचा विकार होय.

रानात दुबळा दिसणारा जीव प्रथम शिकार होतो. त्यामुळे आजार लपविणे हा पक्ष्यांचा, सशांचा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा स्वभावधर्मच बनला आहे. त्यातच मूत्रपिंडाची राखीव क्षमता मोठी असते. तिचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत प्राणी खातो, पितो, खेळतो. तो पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागतो, तेव्हा उपचारांची उत्तम वेळ बहुधा निघून गेलेली असते.

विष्ठेतील पांढरा भाग

शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी सस्तन प्राणी युरिया तयार करतात आणि तो पाण्यात विरघळवून मूत्रावाटे सोडतात. पक्षी आणि बहुतेक सरपटणारे प्राणी यांनी पाणी वाचविण्याचा दुसरा मार्ग स्वीकारला आहे. ते युरिक आम्ल तयार करतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाही; पांढऱ्या लगद्याच्या रूपाने विष्ठेबरोबर एकाच द्वारातून बाहेर पडते. पोपटाच्या विष्ठेत म्हणूनच तीन भाग दिसतात : हिरवट किंवा तपकिरी मळ, पांढरा लगदा आणि थोडेसे स्वच्छ पाणी.

पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद अंथरून तो रोज बदलावा आणि टाकण्यापूर्वी क्षणभर पाहावा. ही सवय पक्ष्याचा जीव वाचवू शकते. रसाळ फळे खाल्ल्यावर किंवा पक्षी घाबरल्यावर पाण्याचा भाग काही काळ वाढतो. त्यात काळजीचे कारण नसते. परंतु तो सतत वाढलेला राहिला, पक्षी वारंवार पाणी पिऊ लागला किंवा पांढरा भाग पिवळा अथवा हिरवा दिसू लागला, तर विलंब करू नये. रंगातील असा बदल यकृताच्या आजाराचेही लक्षण असू शकतो.

मूत्रपिंड थकले की युरिक आम्ल रक्तात साचते आणि त्याचे स्फटिक शरीरात जमू लागतात. पायांच्या सांध्यांवर पांढरट, दुखऱ्या गाठी येतात. काही वेळा हृदय आणि यकृत यांच्यावर खडूच्या भुकटीसारखा थर बसतो. यालाच गाऊट म्हणतात. बजरीगर या छोट्या पोपटाच्या बाबतीत आणखी एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पायाकडे जाणारी मज्जातंतूंची जुडी पक्ष्यांत मूत्रपिंडातून जाते. मूत्रपिंडात गाठ वाढली की ती जुडी दाबली जाते आणि पक्षी एका पायाने लंगडू लागतो. घरच्यांना पाय मुरगळला असे वाटते. मूळ दुखणे मात्र पोटात असते.

पिंजोरची साक्ष

या विकाराची भीषणता पाहण्यासाठी चंदीगडपासून दूर जावे लागत नाही. शहरापासून जवळच, शिवालिकच्या पायथ्याशी पिंजोर येथे हरियाणा वनविभाग आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी २००१ मध्ये गिधाडांसाठी शुश्रूषा केंद्र उभारले. पुढे तेथेच त्यांचे प्रजनन केंद्र आकारास आले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून २००७ पर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. मृत गिधाडांच्या अंतर्गत अवयवांवर तोच पांढरा थर आढळत होता.

पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ मध्ये कारण उघड झाले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होता आणि काही दिवसांतच त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही तशीच बंदी आली. पिंजोरची काही गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच आणि ताडोबा येथे आणण्यात आली.

घरात पक्षी पाळणाऱ्यांसाठी या घटनेचा बोध स्पष्ट आहे. सर्व पक्ष्यांची औषधांबाबतची संवेदनशीलता सारखी नसते. परंतु गाय-बैलांना सोसलेले औषध पक्ष्याच्या मूत्रपिंडांचा घात करू शकते. म्हणून माणसांसाठी घरात ठेवलेल्या वेदनाशामक गोळीचा तुकडा, मग तो कितीही लहान असो, पाळीव जीवाला स्वतःहून कधीही देऊ नये.

आहारातून उद्भवणारा आजार

मूत्रपिंडाचे अनेक विकार चुकीच्या आहारातून जन्मतात. केवळ सूर्यफुलाच्या बिया, राळे किंवा बाजरी यांवर पोसलेल्या पोपटाला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते आणि मूत्रनलिकांचे अस्तर बिघडते. त्यासाठी गाजर, भोपळा, हिरव्या पालेभाज्या यांचा समावेश करावा. उलटपक्षी, प्रेमापोटी दिलेल्या शक्तिवर्धक थेंबांमुळे 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यास मूत्रपिंडात कॅल्शियमचे थर बसतात. मकाव या बाबतीत विशेष नाजूक असतो. खारवलेले शेंगदाणे आणि फरसाण तर वर्ज्यच मानावे.

हिरवा इग्वाना पूर्णतः शाकाहारी आहे. त्याला अंडी किंवा मांस भरविल्यास युरिक आम्ल वाढून गाऊट होतो. जमिनीवर राहणाऱ्या कासवांना पुरेसे पाणी न मिळाल्यास मूत्राशयात खडे तयार होतात. त्यांना उथळ, कोमट पाण्यात नियमितपणे काही वेळ बसविणे हितकारक असते.

सशाची गोष्ट निराळी आहे. तो आहारातील कॅल्शियम मुबलक प्रमाणात शोषून घेतो आणि जास्तीचा भाग मूत्रावाटे टाकतो. त्यामुळे सशाचे मूत्र काहीसे गढूळ असणे स्वाभाविक आहे. वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे ते लालसरही दिसते. ते रक्तच असेल असे नाही, मात्र तपासून घ्यावे. परंतु पाणी कमी आणि कॅल्शियम अधिक झाले की मूत्राशयात दाट गाळ साचतो आणि मुतखडा होतो. पंजाब-हरियाणात हिवाळ्यात बरसीमचा हिरवा चारा सहज मिळतो. बरसीम आणि लसूणघास यांत कॅल्शियम भरपूर असते. प्रौढ सशाचा मुख्य आहार म्हणून साधे वाळलेले गवतच द्यावे. गिनीपिगलाही मुतखड्याचा त्रास होतो. लघवी करताना कुंथणे किंवा चीत्कारणे, मागचा भाग सतत ओला राहणे या खुणा दोघांतही ओळखाव्यात.

ऋतूंची कसोटी

चंदीगडचा मे-जून पारा चाळीस अंशांपलीकडे नेतो आणि जानेवारीची धुकेभरली रात्र हाडे गोठविते. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा तरी भरावे. सशाला बाटलीबरोबर उघडे भांडेही द्यावे. हिवाळ्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचे शरीर थंडावते, ते पाणी पिईनासे होतात आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावते. त्यांच्यासाठी उबेची नियंत्रित सोय आवश्यक ठरते.

वेळीच सल्ला

पक्ष्यांच्या मूत्रपिंडांची तपासणी मुख्यत्वे रक्तातील युरिक आम्लावरून केली जाते. सशाच्या मुतखड्याचे निदान क्ष-किरण चित्राने होते. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पायांकडील रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडांतून जाऊ शकते. त्यामुळे काही इंजेक्शने त्यांच्या पायात देणे टाळले जाते. अशा बारकाव्यांमुळे या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक आधीच शोधून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मकाव, आफ्रिकन ग्रे, हिरवा इग्वाना यांसारख्या आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित प्रजाती बाळगणाऱ्यांनी २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंद पूर्ण असली म्हणजे पशुवैद्यकाकडे जाताना मनात संकोच उरत नाही. भारतीय पोपट आणि तारा कासव मात्र घरी पाळण्यास कायद्याने मनाई आहे.

हे पाहुणे आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाहीत. पिंजऱ्यातील कागद, पाण्याचे भांडे आणि चालण्यातील किंचित बदल यांवरूनच ते उमगते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. दररोज पाच मिनिटांचे सजग निरीक्षण पुरेसे असते.