गाडीचं दार वाजतंय की गाणं?

घरातली जुनी हॅचबॅक दादाकडून किंवा बाबांकडून आपल्या ताब्यात आली, की पहिल्या आठवड्यात सीट कव्हर, दुसऱ्या आठवड्यात परफ्युम आणि तिसऱ्या आठवड्यात विषय निघतोच, ‘म्युझिक सिस्टीमचं काहीतरी करायला पाहिजे यार!’ ग्रुपमधल्या एक्स्पर्टचा सल्लाही ठरलेला असतो. डिकीत सबवुफर टाक, विषय संपला. मग वर्षभर साठवलेले पैसे घेऊन स्वारी निघते पुण्यातल्या नाना पेठेत, नाहीतर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. संध्याकाळी गाडी परत येते तेव्हा नंबर प्लेट थरथरत असते, आरसा हलत असतो आणि गायक नेमकं काय म्हणतोय ते मात्र कळत नसतं.

आवाज मोठा करणं आणि आवाज चांगला करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला पैसे लागतात. दुसऱ्याला पैशांपेक्षा जास्त लागतं ते थोडं डोकं, एक मोकळा रविवार आणि आपले स्वतःचे कान. कॉलेजच्या बजेटमध्ये हा फरक आधी समजला तर काही हजार रुपये सहज वाचतात.

वॉटचा घोळ

स्टिरिओच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ‘५० वॉट × ४’. हा आकडा मॅक्सिमम पॉवरचा. आपल्याला बघायचा असतो तो आरएमएस, म्हणजे सतत आणि स्वच्छ मिळणारी पॉवर. गाडी चालू असताना बॅटरीच्या लाइनवर साधारण १४ व्होल्ट असतात. वेगळा अँप्लिफायर नसेल, तर एवढ्या व्होल्टेजवर चार ओहमच्या स्पीकरला २५ वॉटच्या आसपासच पॉवर देता येते, तीही कागदावर. प्रत्यक्षात १५ ते २० वॉट धरून चाला. म्हणूनच ‘माझा स्टिरिओ २०० वॉटचा आहे’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये बोलायला ठीक, खरेदी करताना नको.

दुसरी गंमत कानाची. पॉवर दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे ‘हं, थोडा वाढला’ इतपत. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर! त्यामुळे स्पीकर घेताना वॉटच्या शेजारी छापलेली सेन्सिटिव्हिटी बघा. ८८ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर अँप दुप्पट केल्याचा परिणाम फुकटात मिळतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत ना, तेवढं मात्र तपासा.

स्पीकरचा खोका कुठंय?

घरातला स्पीकर लाकडी खोक्यात बंद असतो. गाडीतला कशात असतो? दारात. तुमच्या गाडीचं दार हाच स्पीकरचा खोका! आणि हा खोका म्हणजे पातळ पत्रा, मोठमोठी भोकं आणि वर प्लॅस्टिकचा ट्रिम. बोटाच्या पेराने दाराच्या पत्र्यावर टकटक करून बघा. डब्यासारखा ‘टण्ण’ आवाज आला, तर गाण्यातही तोच येणार.

स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ताणली जाते. दाराच्या आतल्या भोकांमधून मागचा आवाज पुढे आला, की बेसच्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. मग आपण म्हणतो, ‘कंपनीच्या स्पीकरला बेसच नाही.’ बेस असतो. तो दारातच जिरतो.

उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट. ब्युटाइल रबर आणि वर ॲल्युमिनियमचा थर असलेली ही शीट पत्र्याला चिकटवली, की पत्र्याची थरथर कमी होते. अख्खं दार मढवायची गरज नसते. बाहेरच्या पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी मोठा फरक पडतो. आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं मात्र नीट बंद करायची आणि स्पीकरभोवती फोमची गोल पट्टी लावायची. पत्र्यासारखी दिसणारी स्वस्त डांबरी शीट टाळा. उन्हात उभ्या गाडीत ती वितळते आणि वास मारते.

इथे आपल्या पावसाची एक अट आहे. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत जातं आणि तळाच्या छोट्या भोकांमधून बाहेर पडतं. उत्साहाच्या भरात ही भोकं शीटने बुजवली, तर एक-दोन जुलै-ऑगस्टमध्येच दाराला आतून गंज धरतो. स्पीकरखाली एमडीएफची रिंग लावली असेल तर तीही पाणी पिऊन फुगते. रिंग प्लॅस्टिकची घ्या, नाहीतर लाकडाला नीट वॉटरप्रूफ कोट द्या.

ढोल कुठला, ताशा कुठला?

गणपतीत पथकात वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. ढोल पोटात जाणवतो, ताशा कानात टोचतो. दोघांचं काम वेगळं, तसंच स्पीकरचंही. सबवुफर ढोलाचं काम करतो, म्हणजे साधारण ८० हर्ट्झच्या खालचं. दारातला साडेसहा इंची स्पीकर मधलं काम करतो. माणसाचा आवाज, गिटार, हार्मोनियम हे सगळं मुख्यतः त्याच्याकडे. ताशाची तडतड आणि घुंगरांची छुमछुम ट्विटरकडे.

कोअॅक्सियल स्पीकरमध्ये ट्विटर मधोमध बसवलेला असतो, त्यामुळे लावायला सोपा आणि स्वस्त. कंपोनंट सेटमध्ये ट्विटर वेगळा असतो. तो डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा आरशाजवळच्या तिकोनी जागेत बसवता येतो. दारातला स्पीकर आपल्या पोटरीशी बोलत असतो, कानाच्या उंचीवरचा ट्विटर मात्र गायकाला समोर उभा करतो. बजेट असेल तर पुढच्या दोन दारांत चांगला कंपोनंट सेट घ्या आणि मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्या. मैफलीत आपण गायकाकडे पाठ करून बसत नाही, मग गाडीत मागून गाणं कशाला?

सब घ्यायचाच असेल, तर सील्ड खोक्यातला बेस आवळलेला आणि नेमका येतो. पोर्टेड खोका तेवढ्याच पॉवरमध्ये जास्त दणदणतो. तबल्याचा बायाँ ऐकायचा असेल तर पहिला, डीजेचा फील हवा असेल तर दुसरा.

अँप घेताय? आधी फ्यूज घ्या

या भागात कंजुषी करायची नाही. प्रत्येक चॅनलला ५० वॉट आरएमएस देणारा चार चॅनलचा साधा एबी क्लास अँप पूर्ण जोरात चालला, तर बॅटरीकडून २४-२५ अँपिअर ओढू शकतो. त्यासाठी बॅटरीपासून थेट स्वतंत्र जाड वायर टाकतात. त्या वायरवर बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज अँप वाचवायला नसतो, गाडी वाचवायला असतो. इंजिनकडच्या पत्र्यातून आत येताना वायर घासली आणि बॉडीला टेकली, तर शॉर्ट सर्किट होऊन काही सेकंदांत आग लागू शकते. त्या भोकात रबरी ग्रोमेट आहे का, हे स्वतः वाकून बघा.

स्वस्त वायर किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साधारण ६० टक्केच सहज वाहते. ती वायर घेतलीत तर एक-दोन माप जाड घ्या. कंपनीची वायरिंग कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचं कपलर मिळतं, ते लावलं की वॉरंटीवरून पुढे वाद होत नाहीत. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या खांबावर ट्विटर ठोकायचा नाही आणि त्या खांबातून वायर नेताना एअरबॅगच्या वाटेत यायचं नाही. गाण्यापेक्षा डोकं महत्त्वाचं.

अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘ऊँऽऽ’ येतंय? तो अल्टरनेटरचा आवाज. बहुतेक वेळा अर्थिंग कच्चं असतं. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर पक्कं अर्थिंग करा आणि पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्या.

खरी मजा ट्यूनिंगमध्ये

गिटार विकत घेऊन कोणी तशीच वाजवत नाही, आधी सुरात लावतो. सिस्टीमचंही तेच. बरेच जण मात्र बिल भरतात आणि निघतात. पुढची कामं याच क्रमाने करा.

सगळं सपाट करा. बेस बूस्ट, लाउडनेस, ‘रॉक’, ‘पॉप’ असले सगळे प्रीसेट बंद. इक्वलायझर शून्यावर. फोनमधलंही बंद. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ऑडिओ क्वालिटी डेटा वाचवण्यासाठी कमी ठेवलेली असेल तर वाढवा. फोनवर आलेली, दहा वेळा फॉरवर्ड झालेली एमपी३ फाइल टेस्टिंगला चालणार नाही.

पोलॅरिटी तपासा. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले तर दोन्ही बाजूंचा बेस एकमेकांना मारतो आणि गायकाचा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. स्पीकरची वायर स्टिरिओकडून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तिला क्षणभर टेकवा. सेलचा प्लस वायरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. अँपवरचा हा स्क्रू स्टिरिओचा सिग्नल आणि अँप यांची जोडी जुळवतो. तो फुल केला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज सतत वाजला की ट्विटर जळतो. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकर सोडवा, अँपचा क्रॉसओव्हर तेवढ्यापुरता बंद करा, स्टिरिओ तीन चतुर्थांश व्हॉल्यूमवर ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, म्हणजे आपल्याला हवे तेवढे व्होल्ट. ५० वॉट आणि चार ओहमला २०० चं वर्गमूळ, साधारण १४ व्होल्ट. मीटरवर तेवढे दिसले की थांबायचं. दहावीचं गणित शेवटी कामी आलं!

क्रॉसओव्हर लावा. दारातल्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय-पास, सबला ८० हर्ट्झचा लो-पास. दाराच्या स्पीकरवरचं ढोलाचं ओझं उतरलं, की गाणं लगेच मोकळं वाटतं. सब नसेल तर हाय-पास ६० च्या आसपास ठेवून बघा.

टाइम अलाइनमेंट. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब. समजा उजवा कानापासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डावा १४० वर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकाने अख्खं गाणं उजव्या दारात गोळा होतं. मधल्या किमतीच्या बऱ्याच स्टिरिओंमध्ये आणि डीएसपीमध्ये ही सोय असते. उजव्या स्पीकरला दीड मिलिसेकंद थांबवायचं. मेजर टेप घ्या, आकडे भरा आणि डोळे मिटून ऐका. गायक दारातून उठून डॅशबोर्डवर येऊन उभा राहतो. हा क्षण पहिल्यांदा अनुभवला, की सगळी खटपट वसूल.

इक्वलायझर सगळ्यात शेवटी. आणि वाढवण्यापेक्षा कमी करा. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झ थोडं खाली आणा. आवाज घशात अडकल्यासारखा किंवा गुबगुबीत वाटला तर २०० हर्ट्झच्या आसपास उतरवा. एका वेळी एकच बदल, तोही दोन-तीन डेसिबलचा. ऐकायला आपल्या पाठ असलेल्या गाण्यांसारखी परीक्षा नाही. ‘सैराट’च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड झाला होता. त्यातली व्हायोलिन वेगळी ऐकू येतात का, की नुसता एक गोळा ऐकू येतो? सोबत एखादी लावणी घ्या, ढोलकी आणि घुंगरू दोन्ही तपासून होतात.

कान बदलून मिळत नाहीत

गाडी ही छोटी बंद खोली आहे, आवाज तिथे चटकन वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित. ९० डेसिबलला ही मर्यादा येते चार तासांवर. लोणावळ्याला जाऊन-येऊन आठवड्याचा कोटा संपला! गाडीतून उतरल्यावर कानात ‘कुँईऽ’ वाजत राहिलं तर ती पार्टीची खूण नाही, इशारा आहे. बाहेरच्यांचंही बघा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र दहा वाजता सुरू होते.

चांगल्या ट्यूनिंगचा फायदा इथेच दिसतो. शब्द स्पष्ट ऐकू आले की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. पत्रा वाजायचा थांबला की रस्त्याचा आवाजही कमी होतो. आणि मागून वाजणारा अँब्युलन्सचा सायरन वेळेत ऐकू येतो.

पैसे कोणत्या क्रमाने घालायचे?

• खिशात काहीच नाही: सेटिंग सपाट करा, पोलॅरिटी तपासा, दारातले सैल स्क्रू आणि कप्प्यातली नाणी काढा. अर्धी खडखड तिथेच असते.
• थोडे पैसे आहेत: पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग, भोकं बंद, स्पीकरला फोम रिंग.
• अजून थोडे: पुढे चांगला कंपोनंट सेट, शक्यतो जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे स्टिरिओच्याच पॉवरवर चालेल.
• पुढच्या वर्षी: टाइम अलाइनमेंटवाला स्टिरिओ किंवा डीएसपी, मग अँप, योग्य वायर आणि फ्यूजसकट.
• सगळ्यात शेवटी: सब. आणि दुकानातून निघण्याआधी गेन कुणी, किती व्होल्टवर सेट केला हे विचारा. उत्तर ‘फुल ठेवलाय, टेन्शन घेऊ नका’ असं आलं, तर टेन्शन घ्या.