अंधाराचे मोल

अंधेरी-बोरिवलीतील सुस्थित कुटुंबे हल्ली ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी नॉर्वेतील ट्रॉम्सो गाठतात. तेथे संध्याकाळी मार्गदर्शक प्रवाशांना बसमधून शहराच्या दिव्यांपासून दूर नेतो. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे वातावरणातील प्राणवायू उद्दीपित होतो आणि शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर हिरवा प्रकाश फाकतो. तो दिसेलच, अशी हमी कोणी देत नाही. शुल्क भरले जाते ते मुख्यतः अंधारासाठी.

वस्तुतः हा प्रकाश मुंबईलाही सर्वस्वी परका नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या सौरवादळात तो मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. तसा योग पुन्हा आला, तरी झगमगत्या उपनगरांना त्याचा पत्ता लागणे कठीण. विजेने निसर्गाच्या वेधांना शहराबाहेर घालविल्याचे उदाहरण जुनेच आहे. विजेच्या ट्रामचा अडथळा होणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मापन अलिबागला हलवावे लागले. तेथील वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली.

अर्थशास्त्र हवेला विनामूल्य वस्तू म्हणत आले. अंधारही तसाच होता. आता मुलुंड-घाटकोपरच्या विद्यार्थ्याला तारे पाहण्यासाठी लोकलने वांगणी गाठावी लागते. सर्वांची संपत्ती नाहीशी झाली, की ऐपतवाले ती दूरवर जाऊन विकत घेतात. इतरांना तिची आठवणही उरत नाही.

रस्त्यावर दिवे हवेतच. परंतु त्यांचा उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात नव्हे. दिव्यांना वरून झाकण बसविणे आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातफलक मालविणे, यांसाठी नॉर्वेला जाण्याची गरज नाही. नागरिकांनी तेवढा आग्रह धरावयास हवा.