विंटरथरचा वसंत मे महिन्याच्या आधीच सुरू होतो

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातली विंटरथर ही हेन्री फ्रान्सिस ड्यू पॉन्ट यांची बाग बघायला अनेकजण मे महिन्यातल्या अझेलियांची वाट पाहतात. माझ्या मते तिथला खरा वसंत ‘मार्च बँक’ नावाच्या उतारावर कितीतरी आधी येतो. झाडांना पालवी फुटण्यापूर्वी ऊन थेट जमिनीवर पडतं, तेवढ्यात कंद फुलून घेतात: पांढरे स्नोड्रॉप, पिवळी विंटर अ‍ॅकोनाइट, मग निळ्या कायनोडॉक्साचा गालिचा. हा क्रम ठरवून लावलेला, मग यात निसर्ग कुठे, असं कुणी म्हणेल. पण अझेलियांचं रानच बघा ना! रोगाने चेस्टनटची झाडं गेली, त्या मोकळ्या जागेत ड्यू पॉन्ट यांनी हे रान फुलवलं. म्हणजे योजना निसर्गाच्या कलानेच चालली. स्नोड्रॉप मात्र खाली वाकूनच बघा. आतल्या पाकळीच्या टोकाशी इवलीशी हिरवी खूण असते.