शिक्क्यातला क्रमांक

डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की आपण औषधांची नावं लागतात का ते पाहतो, दिवसातून किती वेळा ते विचारतो आणि चिठ्ठी मेडिकलवाल्यापुढे सरकवतो. सहीजवळच्या शिक्क्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. एकदा नीट बघा. नाव, पदव्या आणि त्याखाली एक क्रमांक. महाराष्ट्रातल्या अनेक डॉक्टरांचा तो, उदाहरणार्थ, 2009/04 असा सुरू होतो आणि पुढे आणखी काही आकडे असतात. म्हणजे या डॉक्टरांचं नाव 2009 सालच्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत चढलं. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक नुसतेच आकड्यांचे असतात. परिषदेच्या संकेतस्थळावर जाऊन तुम्हीआम्ही कुणीही तो शोधू शकतो. एवढी मोठी गोष्ट इतकी सहज हाताशी आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

या वहीचं मूळ 1858च्या ब्रिटिश कायद्यात आहे. खरा वैद्य कोण आणि भोंदू कोण, हे आजारी माणसाला ओळखता यावं, हा त्या कायद्याचा उघड हेतू होता. हिंदुस्थानात असा नोंदणीचा कायदा सगळ्यात आधी मुंबई इलाख्यानं केला, 1912 साली. आणि थक्क व्हायला होतं ते पुढेच: त्याच 1912 साली ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ही आला. मनानं आजारी असलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्याच्या हुकमानं वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याची सोय करणारा. डॉक्टर पारखण्याचा हक्क लोकांना मिळाला त्याच वर्षी मनाच्या आजाराचा रस्ता कचेरीतून नेला गेला. हे दोन रस्ते एकत्र यायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

आज मनोविकारतज्ज्ञ शोधताना ती वही फार कामाला येते. आधी एमबीबीएसची नोंद सापडते आणि त्याच नोंदीत पुढच्या पदव्यांची भर पडलेली असते. तिथे सायकिअ‍ॅट्रीतलं एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. ही पदविका दिसली पाहिजे. पाटीवर नुसतं ‘एम.डी.’ असेल तर कशातलं, हे इथे कळतं. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहावं, कारण दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरांना शिकत राहावं लागतं. क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, पावतीवर दिसायलाच हवा, असा नियम आहे. व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तो लागू आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावी बसून पुण्यातल्या डॉक्टरांची खातरजमा करता येते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या वहीत सापडणार नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्यांचं काम बोलण्यातून उपचार करण्याचं आणि चाचण्यांचं. गोळ्या ते लिहून देत नाहीत. अनेकांना दोघांचीही गरज पडते.

पण नाव कुठून मिळवायचं? फॅमिली डॉक्टर असतील तर आधी त्यांना विचारावं. सरकारी दारही उघडं आहे: मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, इतरत्र जिल्हा रुग्णालय. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारागणिक, शंभरातले 70 ते 92 जण उपचारांविनाच असल्याचं आढळलं होतं. पहिला फोन करणं इतकं अवघड आहे, म्हणून तो कुणाला करायचा हे तरी सोपं असावं.

आता मेडिक्लेमचं. वर्षानुवर्षं पॉलिसीच्या ‘हे मिळणार नाही’ या यादीत मानसिक आजार ठरलेला असायचा. मग 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याच्या कलम 21 मधलं चौथं उपकलम एका वाक्याचं आहे: शरीराच्या आजाराला ज्या आधारावर विमा देता, त्याच आधारावर मनाच्या आजारालाही द्या. 1912च्या त्या ‘लुनसी ॲक्ट’नंतर हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो. 29 मे 2018 पासून ते लागू आहे. तरी कंपन्या रेंगाळल्या. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका रुग्णाचा नाकारलेला क्लेम द्यायला लावला आणि 31 ऑक्टोबर 2022 च्या आत सगळ्या पॉलिसींत ही तरतूद आणा, असं विमा नियामकानं बजावलं.

मात्र ‘डॉक्टर इन्शुरन्स घेतात का’ हा प्रश्न आपल्याकडे अर्धाच आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. दर महिन्याची फी आणि गोळ्या खिशातून जातात, ओपीडीचं संरक्षण वेगळं घेतलेलं नसेल तर. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारावं: भरती करायची वेळ आली तर रुग्ण कुठे पाठवता, आणि ते रुग्णालय आमच्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का? पॉलिसीत मानसिक आजारासाठी वेगळी कमाल मर्यादा लिहिली आहे का, तेही शोधावं. आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागतं, पण 2024च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं. अर्ज भरताना चालू गोळ्या लपवू नयेत. लाजेपोटी लपवलेलीच गोष्ट पुढे क्लेम नाकारायला कारण होते.

आणि नाकारलाच तर कारण लेखी मागावं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावं. तिथून नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.