स्वतंत्र छायाचित्रकाराचे मानधन
स्टुडिओत नोकरी न करता कामागणिक छायाचित्रे काढून देणाऱ्या व्यावसायिकाच्या मोबदल्यास स्वतंत्र छायाचित्रकाराचे मानधन म्हणतात. या व्यवसायात सर्वांना लागू होईल असे दरपत्रक नाही. नवोदित छायाचित्रकार बहुधा कॅमेरा हाती असलेले तासच मोजतो आणि तेथेच फसतो.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा लेणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहेत. तेथील चित्रण चार तासांचे असले, तरी जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो. छायाचित्रांची निवड व संस्करण यांस आणखी एक दिवस लागतो. समजा, साधनसामग्री १,२०,००० रुपयांची आहे, ती चार वर्षे टिकेल आणि वर्षाला ६० कामे मिळतील; तर प्रत्येक कामामागे ५०० रुपये झीज धरावी लागते. दोन दिवसांचे श्रम प्रत्येकी १,५०० व प्रवासखर्च १,००० रुपये धरल्यास एकूण रक्कम ४,५०० रुपये होते. त्याहून कमी दर सांगणे म्हणजे पदरमोडच. घरच्या कार्यात विनामूल्य छायाचित्रे काढून देणे हा वेगळा भाग.

मालकीचा प्रश्नही मानधनाशी निगडित आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी ग्राहक असतो. हा हक्क स्वतःकडे ठेवायचा असल्यास तसे काम स्वीकारतानाच लेखी ठरवावे लागते.