आजीची परीक्षा आजीच्या भाषेत

'आज तारीख कोणती? शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून पुन्हा सात. कागदावर एक वाक्य लिहा. ही पंचकोनांची आकृती पाहून तशीच काढा.' स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची शंका आली की जगभर वापरली जाणारी ही 30 गुणांची चाचणी 1975 साली अमेरिकेत तयार झाली. तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या पारधी वस्तीवरची, शाळेची पायरी कधीच न चढलेली आजी तिच्यात नापास होईल. त्यातून आजीच्या मेंदूबद्दल काहीच कळणार नाही. तिला शाळा मिळाली नाही, एवढंच कळेल. उलट जिची स्मरणशक्ती खरोखरच ढासळते आहे, तिला कुणी तपासतच नाही. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घर तो विषय संपवून टाकतं.

हा विषय संपवण्याजोगा नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. शहरात हे प्रमाण 5.3 टक्के, तर खेड्यात 8.4 टक्के आहे. पुरुषांपेक्षा बायकांत ते जास्त आहे. शिक्षण न मिळणं, ऐकू न येणं, दिसायला कमी होणं, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा या साऱ्यांनी धोका वाढतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात यातली बरीच कारणं एकाच घरात सापडतात.

डिमेन्शियाचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. त्यात मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो. नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, म्हणून ताजं आधी पुसलं जातं आणि जुनं टिकून राहतं. रझाकारांच्या काळातली पळापळ आजी तपशीलवार सांगते, पण सकाळी भाकरी खाल्ली की नाही, हे तिला सांगता येत नाही. 'सगळं तर आठवतंय की तिला,' असं म्हणून घरचे इथेच फसतात.

चाचणी बदलता येते

हरियाणातल्या बल्लभगढ भागात संशोधकांनी त्या अमेरिकी चाचणीला हिंदी रूप दिलं, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायचे, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं. निरक्षर माणसालाही नीट तपासता येईल, असे हे बदल होते. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशात आदिवासी वृद्धांसाठी तिथल्या समाजाच्या सल्ल्याने वेगळी चाचणी घडवली गेली. तिच्यात कंगवा, पेला, काडेपेटी अशा रोजच्या वस्तू ओळखायच्या असतात. तारखेऐवजी विचारतात, 'हा पेन्शनचा आठवडा आहे का?' वृद्धाच्या जवळच्या माणसाकडूनही माहिती घेतली जाते.

धाराशिवच्या म्हाताऱ्या माणसांकडेही स्वतःचं कॅलेंडर आहे. 1948 ची पोलीस ॲक्शन, 1972 चा दुष्काळ, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप. यांवरून वय काढता येतं. चालू काळाचं भान तपासायचं तर कुठलं पीक काढणीला आलंय, बाजार कोणत्या वारी भरतो, निराधार योजनेचे पैसे आले का, असे प्रश्न हवेत.

भाषेचा मुद्दा त्याहून नाजूक. पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या वळणाची, तांड्यावर गोरमाटी, उमरग्याकडच्या काही घरांत कन्नड. डिमेन्शियात अनेकदा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते. मग मराठीत विचारलेल्या प्रश्नावर आजी गप्प बसली, तर तिला उत्तर येत नाही की प्रश्नच कळला नाही, हे कसं ठरवणार? तपासताना तिच्या बोलीचं माणूस शेजारी हवंच.

सांभाळताना

विसर म्हणजे दर वेळी डिमेन्शिया नसतो. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही डोकं चालेनासं होतं आणि त्यांवर उपचार आहेत. दोन-चार दिवसांत माणूस एकाएकी बरळू लागला, तर जंतुसंसर्गाची शक्यता असते. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावं.

डिमेन्शिया असेल तर घरच्यांना धीर आणि युक्ती दोन्ही लागतात. 'माझे पैसे सुनेनं चोरले' असं सासू म्हणाली, तर वाद घालू नये. तिच्याबरोबर पिशवी शोधावी. अंथरुणाची आणि पाण्याच्या घागरीची जागा बदलू नये. धान्य निवडणं, गोधडीला टाके घालणं अशी हातात मुरलेली कामं तिला करू द्यावीत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या घरांनी तिच्या ओळखीचं एक तरी माणूस मागे ठेवावं.

पारधी कुटुंबाची आणखी एक काळजी आहे. 1871 च्या कायद्याने या समाजावर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 31 ऑगस्ट 1952 रोजी कागदावरून गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. डिमेन्शियात माणूस रात्री-अपरात्री घराबाहेर पडतो. नाव-गाव सांगू न शकणारा पारधी म्हातारा परक्या शेतात दिसला, तर त्याला आजारी समजतील की चोर? म्हणून शेजारची गावं, पोलीस पाटील आणि पोलीस ठाणं यांना या आजाराची माहिती देणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

हे सगळं करायला मोठी रुग्णालयं लागत नाहीत. गोव्यात बारावीपर्यंत शिकलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी डिमेन्शियाग्रस्तांच्या घरी जाऊन कुटुंबांना मार्गदर्शन केलं. त्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला, हे 81 कुटुंबांच्या अभ्यासातून 2008 मध्ये दिसलं. धाराशिवला तर अशा कामाची जुनी सवय आहे. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायांनाच शिकवून 'भारतवैद्य' उभ्या केल्या. आशाताईंच्या तपासणी अर्जातही साठीपुढच्यांसाठी विसराळूपणाचा प्रश्न आहे. तो मन लावून, आजीच्या बोलीत विचारावा. उत्तर 'होय' आलं तर नाव पुढच्या तपासणीला पाठवावं आणि पारधी वस्ती, तांडे यांतल्याच तरुण मुलींना या कामात घ्यावं. सांभाळून थकलेल्या घरच्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 आणि ज्येष्ठांसाठीचा 14567 हे मोफत क्रमांक द्यावेत. यातलं बहुतेक काम आजच्या यंत्रणेतून उद्यापासून सुरू करता येईल. जिल्हा आरोग्य विभागाने ते मनावर घ्यावं.